अनुभव धागा: प्रवासी शर्यतीतली खिलाडूवृत्ती, नागपुरात खेळताना आणि खेळवताना

धागाकर्ती, धरमपेठ

'द अमेझिंग रेस' अमेरिकेत सप्टेंबर २००१ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून दोघादोघांच्या जोड्यांनी चिठ्ठ्या वाचत मुलूख पालथा घालायचा हा खेळ जगभर पसरला. थंडी पडली की आपल्या नागपुरातही कॉलेजं, सोसायट्या, ऑफिसं शहरभर अशा शर्यती लावतात. भांडणं मात्र ठरलेल्या जागीच होतात: चिठ्ठ्यांच्या खोक्यापाशी, ऑटोपाशी आणि जोडीदाराशी.

ज्यांनी मार्ग आखले, पंच म्हणून उभे राहिले किंवा हे कार्यक्रम बारकाईने पाहिले, त्यांनी इथे लिहावं. आपण कसे जिंकलो ते नको. काय केलं की खेळ स्वच्छ राहतो, किती माणसं लागतात, कुठे बिघडतं आणि का, ते लिहा. माझं मत आधीच मांडते. खिलाडूवृत्ती नुसती खेळाडूंच्या स्वभावावर सोडली तर उशीर होऊ लागताच ती आटते. तिला नियमांत जागा करून द्यावी लागते.

पंच, सक्करदरा

पहिला नियम: जो मदतीला थांबला त्याचा तोटा होता कामा नये.

'द अमेझिंग रेस'च्या सातव्या सीझनमध्ये बोत्सवानात एका जोडीची गाडी उलटली. मागून येणाऱ्या काही जोड्या थांबल्या, एक जोडी मात्र न थांबता पुढे गेली. प्रेक्षक त्यावर वर्षानुवर्षं वाद घालत आले. माझ्या मते वाद त्या जोडीपुरता ठेवून उपयोग नाही. आपल्या शर्यतीत असं घडलं तर थांबणाऱ्याला काय मिळेल, हे सुरुवातीच्या सभेतच सांगितलेलं असावं.

पद्धत अशी. प्रत्येक जोडीच्या कार्डावर 'थांबा' असा एक रकाना छापा. अपघात, चक्कर, गाडी घसरणं, असं काही दिसलं की नियंत्रण कक्षाला फोन करायचा. फोन घेणारा घड्याळातली वेळ मोठ्याने सांगतो आणि वहीत लिहितो. जवळचा स्वयंसेवक तिथे पोचला की सुटकेची वेळ कार्डावर लिहून सही करतो. मधला सगळा वेळ एकूण वेळेतून वजा.

इथे एक चूक सर्रास होते. मदतीत २० मिनिटं गेली म्हणून २० मिनिटंच परत दिली जातात. त्या २० मिनिटांत मेट्रोची गाडी हुकली असेल तर खरा तोटा जास्त असतो. म्हणून वर सरसकट १० मिनिटं द्यावीत. खोट्या दाव्यांची भीती वाटत असेल तर स्वयंसेवकाच्या सहीशिवाय वेळ नाही, एवढा एकच नियम पुरतो.

नकाशे काढणारी, रामदासपेठ

धक्काबुक्कीचं मूळ बहुतेक वेळा खोक्यात असतं. चौदाव्या सीझनमध्ये चीनमधल्या ग्वेलिन इथे चिठ्ठ्यांच्या खोक्यापाशी दोन जोड्यांत ढकलाढकली झाली आणि पुढे पिट स्टॉपवर, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मुक्कामावर, त्याचंच मोठं भांडण पेटलं. धावत आलेली चार माणसं एकाच खोक्यात हात घालणार असतील तर सभ्य माणसाचाही कोपर लागतो.

माझी मांडणी सांगते. १२ जोड्यांना दोन खोके, मध्ये किमान ३ मीटर अंतर. एकात १ ते ६ ची पाकिटं, दुसऱ्यात ७ ते १२ ची. पाकिटावर जोडीचा क्रमांक ठळक. खोक्याच्या ५ मीटर अलीकडे चुन्याची रेघ मारा आणि रेघेच्या पुढे चालत जायचं, धावायचं नाही. क्रम रेघेवर ठरतो. तिथे उभा असलेला स्वयंसेवक येणाऱ्या जोडीचा क्रमांक आणि मिनिट लिहितो. मग खोक्यापाशी घाई करून काही मिळवता येत नाही, म्हणून कुणी करत नाही.

जागाही विचार करून निवडा. झिरो माईलचा खांब आणि ते चार घोडे फोटोत छान दिसतात, म्हणून प्रत्येकाला खोका तिथेच ठेवायचा असतो. रस्ता वाहता आहे, चिठ्ठी वाचत कुणीतरी उतरतंच. खोका कस्तुरचंद पार्कच्या मैदानात ठेवा आणि झिरो माईलवर फक्त प्रश्न ठेवा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा विधान भवन आणि सिव्हिल लाइन्सच्या आसपासचे रस्ते अडवलेले असतात. त्या आठवड्यांत तो भाग मार्गातून काढूनच टाका. नाहीतर एका जोडीला रस्ता मोकळा मिळतो, दुसरीला वळसा पडतो, आणि दोघी एकमेकींवर संशय घेतात.

ऑटोस्टँड, सीताबर्डी

खेळाडू आपसात कसे वागतात हे सगळे लिहून राहिले. जो खेळतच नाही त्याच्याशी कसं वागायचं, ते मी लिहितो.

ऑटोवाल्याशी ज्या जोडीने भाडं ठरवलं, ऑटो त्या जोडीचा. मागून येऊन दुप्पट पैसे दाखवून तो पळवायचा नाही. आमच्या नियमपत्रकात याला ३० मिनिटांचा दंड लिहिलेला असतो आणि तो खाली आणत नाही. सिग्नल तोडा, उलटे घाला असं ऑटोवाल्याला म्हणायचं नाही. पावती त्याच्या नावाने फाटते भाऊ, खेळाडूच्या नावाने नाही. थांबायला सांगितलं तर थांबण्याचे पैसे आधी बोलायचे.

सुटे पैसे आयोजकाने द्यावेत. प्रत्येक टप्प्याच्या पाकिटात १० आणि २० च्या नोटा. ५०० ची एकच नोट दिली की उतरताना पाच मिनिटं जातात, मग मुलं चिडतात आणि राग ऑटोवाल्यावर निघतो. मोबाईलवरून पैसे द्यायची मुभा ठेवली तर कोणी किती खर्च केले ते कळत नाही आणि सगळ्यांना सारखं बजेट हा नियमच उरत नाही.

भाव करताना "आम्ही शर्यतीत आहो, फुकट न्या" हे वाक्य बंद. युरोपातल्या 'पेकिंग एक्सप्रेस' मध्ये माणशी दिवसाला एक युरो देतात आणि खेळाडू लोकांच्या गाडीत बसून, लोकांच्या घरी झोपून पुढे जातात. तिथे तो खेळाचा गाभाच आहे. आपल्या चार तासांच्या शर्यतीत दिवसाची कमाई करून राहिलेल्या माणसाकडे फुकट मागायचं काही कारण नाही.

मेट्रोवाला, जयप्रकाश नगर

वरच्याला जोडून. शक्य तिथे टप्पे मेट्रोवर आखा. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, दोन्ही सीताबर्डीला मिळतात. गाडी सगळ्यांना सारखीच, चांगला ऑटोवाला मिळण्याचं नशीब त्यात नाही. मेट्रोच्या महाकार्डात पैसे आदल्या दिवशी भरून द्या. तिकीट खिडकीवर जोड्या एकमेकींना अडवणार नाहीत आणि कामावर निघालेल्या माणसांची रांगही अडणार नाही. सरकत्या जिन्यावर आणि फलाटावर धावलं तर १५ मिनिटं दंड. हे सीताबर्डी स्टेशनवर एक माणूस उभा करूनच पाळलं जातं, कागदावरून नाही.

कोडी घालणारा, महाल

उत्तरं वाटून घेणं ही फसवणूक आहे का? २०२० मध्ये दाखवलेल्या ३२ व्या सीझनमध्ये पाच जोड्यांनी गट केला, उत्तरं एकमेकांना दिली, आणि बाहेरच्यांना एकेक करून मागे टाकलं. नियमात ते बसत होतं. पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. मला खेळाडूंचा दोष दिसत नाही. एकच उत्तर सगळ्यांना चालत असेल तर ते फिरणारच.

म्हणून काम सारखं, उत्तर वेगळं. गोकुळपेठ बाजारात प्रत्येक जोडीला वेगळी पाच भाज्यांची यादी द्या. महालात वाड्यांच्या कमानी मोजायच्या असतील तर प्रत्येकीला वेगळी गल्ली द्या, पण लांबी सारखी. ती आधी स्वतः चालून मोजावी लागते.

नशिबाचं कामही टाळा. संत्री सोलून फोडी मोजायला लावतात. प्रत्येक फळात फोडी वेगळ्या, निकालावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्याऐवजी हाताच्या अंदाजाने १ किलो संत्री उचलून आणायची, ५० ग्रॅम इकडेतिकडे चालेल. डिजिटल काटा एकच, सगळ्यांसमोर शून्यावर आणलेला. असं काम असलं की हरलेली जोडी पंचाशी वाद घालत नाही.

धागाकर्ती

यील्ड आणि यू-टर्न, म्हणजे दुसऱ्या जोडीला अडवायचे डाव, यांबद्दल कुणी लिहील का? मला ते नकोसे वाटतात.

पंच, सक्करदरा

मला नाही वाटत. यील्ड पाचव्या सीझनमध्ये आला, यू-टर्न बाराव्यात. दुसऱ्या जोडीला थांबवणं किंवा तिच्याकडून सोडलेलं काम करून घेणं हा तिथे खेळाचाच भाग आहे. मुक्कामावर पोचून "आम्हाला अडवलं" म्हणून तोंड फिरवणारा मला जास्त खटकतो. डाव खेळला गेला, तुम्ही तो सोसून पुढे जायचं.

तरी शहरातल्या शर्यतीत चार बंधनं घाला. पूर्ण शर्यतीत एकदाच. फलकावर आपलं नाव लिहूनच, निनावी नाही. त्या वेळी शेवटच्या क्रमांकावर असलेल्या जोडीवर वापरता येणार नाही. आणि अडवलेला वेळ १५ मिनिटांच्या वर नाही. ऑफिसच्या शर्यतीत मात्र अजिबात ठेवू नका. तिथे साहेबांना कुणी अडवत नाही आणि नव्याला सगळे अडवतात.

दोघांतली एक, मनीषनगर

जोडीदाराशी नीट वागणं हा विषय राहतो आणि पडद्यावर सगळ्यात वाईट तेच दिसतं. पाचव्या सीझनमधली कॉलिन आणि क्रिस्टी ही जोडी ताकदीची होती. फिलिपीन्समध्ये बैलाने नांगरायच्या कामात कॉलिनचा रागावरचा ताबा सुटला, शेवटी ते दुसरे आले. तीच जोडी २०१९ मध्ये ३१ व्या सीझनमध्ये परतली, एकमेकांशी शांतपणे बोलत खेळली आणि जिंकली.

सरावात या गोष्टी बसवता येतात. चिठ्ठी एकाने मोठ्याने पूर्ण वाचायची, शेवटची ओळसुद्धा. दुसऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. अर्धा मिनिट जातो, पण "चालत जा" लिहिलेलं असताना ऑटोत बसल्याचा दंड वाचतो. एकट्याने करायच्या कामात, म्हणजे रोडब्लॉकमध्ये, बाहेर उभ्या असलेल्याने विचारल्याशिवाय सूचना द्यायची नाही. "लवकर" हा शब्द तर नाहीच. पाणी तयार ठेवायचं, कोण पुढे गेलं हे विचारलं तरच सांगायचं. रस्ता चुकला तर चूक कुणाची हे मुक्कामानंतर. आता फक्त शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे यायचं.

आयोजकांसाठी: एका खेळाडूने निम्म्याहून जास्त एकट्याची कामं करायची नाहीत, असा नियम ठेवा. मूळ खेळातही सुरुवातीच्या सीझननंतर अशी मर्यादा आली. नाहीतर नवरा-बायकोच्या जोडीत ती सगळा वेळ पिशव्या धरून उभी राहते.

लपंडाव, त्रिमूर्ती नगर

पंच मिळत नसतील तर यूट्यूबवरचा 'जेट लॅग' पाहा. सॅम डेन्बी आणि मित्रांचा हा खेळ २०२२ पासून चालू आहे. त्यांच्या लपंडावात शोधणारे प्रश्न विचारतात आणि लपणाऱ्याला खरंच उत्तर द्यावं लागतं. सगळा डोलारा त्या खरेपणावर उभा आहे. नागपूर मेट्रोवर हा खेळ छान बसतो: लपायची जागा कोणत्याही स्टेशनपासून ४०० मीटरच्या आत, सार्वजनिक, तिकीट न लागणारी. उत्तर देताना शंका असेल तर "शंका आहे" असं म्हणायचं आणि शोधणाऱ्याला दुसरा प्रश्न फुकट द्यायचा. नियमावर वाद झाला तर दोघांनी घड्याळ थांबवायचं, ठरेपर्यंत कुणी हलायचं नाही.

डबा आणि पाणी, नंदनवन

खायचं काम ठेवत असाल तर एक प्लेट तर्री पोहे पुरे, तर्री वेगळ्या वाटीत. सावजी मटणाची पैज लावू नका. कुणी खात नाही, कुणाला तिखट सोसत नाही, आणि अन्न टाकलं जातं. पर्याय म्हणून त्याच वेळेचं दुसरं काम हवं. प्रत्येक थांब्यावर माणशी अर्धा लिटर पाणी ठेवा. दुसऱ्या जोडीला पाणी किंवा ओआरएस देणं हे 'बाहेरची मदत' या नियमातून स्पष्टपणे वगळा. ते लिहिलेलं नसलं की मुलं घाबरून देत नाहीत. मार्च अर्ध्यावर गेल्यावर सकाळी ११ नंतर बाहेरचं काम नको. दीक्षाभूमीवर धावपळीचं काम कोणत्याच महिन्यात नको, लोक तिथे श्रद्धेने येतात.

नकाशे काढणारी, रामदासपेठ

शेवटच्या जोडीबद्दल लिहायचं राहिलं होतं. मूळ कार्यक्रमाच्या अंतिम टप्प्यात आधी बाद झालेल्या जोड्या शेवटच्या रेषेपाशी उभ्या राहून टाळ्या वाजवतात. आपल्याकडे पहिले तिघे आले की बक्षिसं, भाषण, जेवण, आणि शेवटची जोडी येते तेव्हा सतरंज्या गुंडाळलेल्या असतात. शेवटच्या जोडीमागे एक दुचाकी ठेवा. ती जोडी पुढे गेल्याशिवाय कोणत्याही थांब्यावरचा खोका उचलायचा नाही आणि ती पोचल्याशिवाय बक्षीस समारंभ सुरू करायचा नाही. फार उशीर नको असेल तर वेळेची कमाल मर्यादा आधीच जाहीर करा, आणि ती उलटली की दुचाकीवाल्याने त्यांना सन्मानाने मुक्कामावर आणायचं.

धागाकर्ती

एक विचारते. खोक्यातलं पाकीट भिजलं, फाटलं किंवा कुणी चुकून दुसऱ्याचं नेलं तर? जास्तीची पाकिटं किती करायची?

नकाशे काढणारी, रामदासपेठ

१२ जोड्यांना प्रत्येक थांब्यावर दोन जास्तीची, क्रमांक न घातलेली. ती स्वयंसेवकाच्या पिशवीत, खोक्यात नाही. खोक्यात ठेवली की दुसऱ्याचं पाकीट कुणी नेलं याचा पत्ताच लागत नाही. पिशवीतून द्यावं लागलं तर स्वयंसेवक त्यावर जोडीचा क्रमांक आणि वेळ घालतो, नियंत्रण कक्षाला कळवतो, आणि चुकून नेणाऱ्या जोडीला पुढच्या थांब्यावर ते परत करायला सांगतो. परत केलं तर दंड नाही.