दादर स्थानकात फलाटांची मोजणी दोनदा का होत असे?

नेरचा वाटसरू
आमच्या गावातील वीस-पंचवीस मंडळी दरवर्षी ६ डिसेंबरसाठी बडनेऱ्याहून रेल्वेने दादरला, चैत्यभूमीच्या दर्शनाला जातात. २०२२ साली स्थानकात एक क्रमांकाचे फलाट दोन होते. ‘एक नंबरवर थांबा’ असे सांगितलेले आमचे दोन वडीलधारे त्यामुळे तासभर भलत्याच फलाटावर बसून राहिले. २०२४ साली पुन्हा गेलो, तर मध्य रेल्वेच्या बाजूचे क्रमांक आठपासून सुरू झालेले दिसले. हा बदल केव्हा झाला, मुळात मोजणी दोनदा का होती, आणि बाहेर पडताना दिशा कशी ओळखावी, हे कोणी सांगेल काय?

रूळवेडा
दादर हे एक स्थानक दिसत असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ती एकमेकांना चिकटून उभी राहिलेली दोन स्थानके आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग सुरू केला तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने. गुजरातकडून येणारा मार्ग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या दुसऱ्या कंपनीचा, आणि तो १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. दोन्ही मार्ग दादरजवळ शेजारी येतात आणि उत्तरेला पुन्हा फाकतात: एक माटुंग्याकडे, दुसरा माटुंगा रोडकडे. प्रत्येक कंपनीने आपले फलाट आपल्या हिशेबाने मोजले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य व पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या, पण मोजणी तशीच वेगळी राहिली.

ती एकत्र झाली ९ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे त्या वर्षीचा महापरिनिर्वाण दिन आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ कायम राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. जुन्या एक क्रमांकाचा फलाट रुंद करताना दोन क्रमांकाचा फलाट आधीच काढून टाकला होता. त्यामुळे जुना एक आता आठ आहे, जुना तीन आता नऊ आहे, आणि तिथून पुढे जुन्या क्रमांकात सहा मिळवले की नवा क्रमांक येतो.

मूर्तिजापूरकर
आपल्याकडे हे मूर्तिजापूरच्या उदाहरणाने चटकन समजते. तिथेही मुख्य मार्गाला लागूनच शकुंतलेचा, म्हणजे यवतमाळ आणि अचलपूरला जाणारा, दुसऱ्या कंपनीचा मार्ग होता.

रूळवेडा
उदाहरण अर्धेच लागू पडते, भाऊ. शकुंतलेचा मार्ग ७६२ मिलिमीटरचा अरुंद होता, त्यामुळे मालसुद्धा एका डब्यातून दुसऱ्यात उतरवून भरावा लागे. दादरला दोन्ही मार्ग १६७६ मिलिमीटरचे आहेत. तिथे फरक रुळांच्या रुंदीत नव्हता, मालकीत होता.

नेरचा वाटसरू
आभारी आहे. आता दिशेचेही सांगावे. शिवाय आमच्यातील एका काकांना या खेपेस परळच्या टाटा रुग्णालयातही जायचे आहे.

दादरला राहिलेली यवतमाळकरीण
क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात, एवढे ध्यानात ठेवावे. विदर्भातून येणारी गाडी मध्य रेल्वेच्या फलाटावर लागते, म्हणजे आपण पूर्वेच्या बाजूला उतरतो आणि चैत्यभूमी समुद्राकडे, पश्चिमेला आहे. तेव्हा पादचारी पुलावर चढल्यावर क्रमांक उतरत एककडे जात असतील तर वाट बरोबर, वाढत असतील तर उलट फिरावे. मंडळींना ‘एक नंबर’ऐवजी ‘पश्चिमेच्या दाराबाहेर’ भेटायला सांगितलेले बरे, कारण जुने क्रमांक अजून अनेकांच्या तोंडी आहेत.

टाटासाठी मध्य रेल्वेच्या बाजूनेच मुंबईकडे जाणारी धीमी लोकल घ्यावी. पुढचेच स्थानक परळ आहे. जलद लोकलमध्ये चढू नये, आणि काकांना चालवत नसेल तर पूर्वेच्या बाजूने टॅक्सी करावी. दादरला हार्बर मार्गाची गाडी मिळते असे काही जण सांगतात. तो मार्ग दादरला येतच नाही.