घरात पाच जन पाच तऱ्हेचे, बर्फावर कुठी न्याव? गुलमर्ग का औली?

संत्रावाला_वरुड
राम राम मंडळी. संत्र्याचा आंबिया बहार तोडून झाला, यंदा भाव बरा सापडला, तवापासून घरात एकच चालू हाय की बर्फ पाह्याले जाऊ. मी हो म्हटलं अन भाच्यानं मधातच घोळ घातला. तो पुण्याले नोकरीले, दोन वर्सांपयले उत्तराखंडातल्या औलीले १४ दिवसांचा स्कीइंगचा कोर्स करून आला, आता म्हंते मामा नुसते फोटो काढाले मी येत नाई, मले खरा उतार पाह्यजे. बाकी आमची टीम आयका. मी ४४, पोट सुटलेलं. बायकोनं थंडी म्हनून चिखलदऱ्याच्या वर काई पाह्यलं नाई. पोट्टी १४ ची, लय डेअरिंगबाज. पोट्टा ८ चा, पडला की तिथंच बसून घेते. अन आई ६७, एक गुडघा बदललेला, बीपीची गोळी चालू, पन "मले घरी ठेवून जासान तर पाहा" म्हनून बसली. मृगाची तोड फेब्रुवारीच्या शेवटी लागते, म्हनून जानेवारी नाई तर फेब्रुवारीचे पयले १५ दिवस. कोनी घरच्यायले घेऊन गेलं असन तर सांगा, एजंटवाले नका सांगू, त्यायचे फोन रोजच येऊन रायले.

तर्री_पोहा_नागपूर
गुलमर्ग. डोळे मिटून. आम्ही सात जण गेलो होतो, त्यातले दोघंच स्की करणारे. तिथं एकाच गावात सगळ्यांची सोय होते ही खरी गोष्ट. खाली गावातच सपाट मैदानासारखा भाग आहे, त्याच्या कडेला बारीक उतार, तिथं नवशिके दिवसभर धडपडतात. गंडोला म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, त्याचा पहिला टप्पा कोंगदोरीला जातो, साधारण तीन हजार मीटरच्या वर, आईला तिथं बसून बर्फ बघता येतो, चहा-मॅगी मिळते. दुसरा टप्पा अफरवटला, चार हजाराच्या जवळ, तिथं बीपीवाल्या माणसाला नेऊ नका, आमच्या मावशीला वर गेल्यावर चक्कर आली आणि पुढचा अख्खा दिवस हॉटेलात गेला. तिकीट ऑनलाइनच मिळतं आणि आधीच संपतं, तिथं जाऊन रांगेत उभं राहू म्हणाल तर हात हलवत परत याल. आणि हो, आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आम्हाला हे श्रीनगरच्या विमानतळावर कळलं 😄

गुरुजी_दर्यापूर
गुलमर्ग चांगलंच आहे पण औलीला एकदम बाद करू नका. आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो. गर्दी कमी, समोर नंदादेवी दिसते, आणि गढवाल मंडळ विकास निगमाचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात, त्यात राहणं, खाणं, सामान सगळं येतं, म्हणजे शिकायचंच असेल तर औली. पण तुमच्या आईंचा विचार केला तर अवघड आहे. जोशीमठहून येणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये तिथं जमीन खचायला लागली तेव्हा बंद झाला, आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. मग जीपनं पंधराएक किलोमीटर वळणं घेत वर जायचं, आणि त्याआधी ऋषिकेशहून जोशीमठ म्हणजे अख्खा दिवस गाडीत. बदललेल्या गुडघ्याला एवढा वेळ वाकवून बसवणं मला तरी पटत नाही.

संत्रावाला_वरुड
गुरुजी, गाडीचं लक्षातच आलं नव्हतं. आई वरुड ते नागपूर यष्टीनं गेली तरी दोन दिवस पाय चोळते. मनालीचं कोनी बोललंच नाई?

तर्री_पोहा_नागपूर
मनालीजवळच्या सोलंगला जाऊन आलोय. भाड्याचा झगा घालून स्की पायात अडकवायची, एक माणूस पाठीमागून धरून ढकलतो, दहा मिनिटांत फोटो काढून मोकळे. भाच्याचं डोकं फिरेल.

पुसदचा_पुण्यात
भाऊ, मी तुमच्या भाच्यासारखाच, म्हणून मधे पडतो. १४ दिवसांचा कोर्स केला म्हणजे तो रोलर फिरवून चोपलेल्या उतारावर वळू शकतो, थांबू शकतो. अफरवटवरून खाली येतात तो वेगळाच मामला आहे, तिथं बर्फ चोपलेला नसतो, गुडघाभर भुसभुशीत, आणि हिमस्खलन होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथं एक रशियन स्कीअर त्यात गेला. त्याला सांगा पहिले दोन दिवस कोंगदोरीचा उतार कर, तिथंच चेअरलिफ्ट आहे, मेरीज शोल्डरला जाते, तेवढ्यातच त्याची जिरेल. मग वर जायचंच असेल तर गाइड घेऊन आणि स्की पेट्रोलनं, म्हणजे उतारावर लक्ष ठेवणाऱ्या पथकानं, उघडा म्हटलेल्या भागातच. दुसरं म्हणजे तारीख. जानेवारी सोडा, फेब्रुवारीच घ्या. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला होता, लोक गवतावर फोटो काढत होते. फेब्रुवारीचीही खात्री नाही म्हणा, २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून तिथले खेलो इंडियाचे खेळ मार्चवर ढकलले.

संत्रावाला_वरुड
मार्च म्हंजे माह्या बागेत व्यापारी उभा. फेब्रुवारीच जमवतो. आता लायन्याचं सांगा, त्याले अन बायकोले पयल्या दिवशी काय शिकवते तिथं? का नुसतं ढकलून देते?

पुसदचा_पुण्यात
पहिला तास बुटातच जातो. स्कीचा बूट म्हणजे नडगीपर्यंत कडक प्लास्टिक, त्यात एकच मोजा घालायचा, थंडी वाजते म्हणून दोन घातले की पाय आवळतो आणि उलट जास्त गार पडतो. मग स्कीवर आधी पुढचा चवडा अडकवायचा आणि टाच खाली दाबायची, खट् वाजलं की बसला. नवीन माणसाचं ते वाजतच नाही आणि त्याला वाटतं आपल्यात जोर नाही. जोराचा प्रश्नच नसतो, बुटाच्या तळाला बर्फाचा गोळा चिकटलेला असतो, काठीनं खरवडून काढा, लगेच बसते. मग स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा पिझ्झाचा तुकडा करून थांबायला शिकवतात. ८ वर्षांचा पोरगा ते अर्ध्या तासात करेल, तुम्हाला दोन दिवस लागतील 😂 आणि वर ओढून नेणारी लिफ्ट असते तिच्या दांड्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकायचं. बसलात की बुडावर. तुम्हा दोघांसाठी आणि लेकरांसाठी वेगवेगळा शिकवणारा घ्या, नाहीतर पोरगी पुढं निघून जाईल आणि बाकीचे तिची वाट पाहत उभे.

तर्री_पोहा_नागपूर
अजून एक. गुलमर्गच्या पायथ्याला टंगमर्ग आहे, तिथं उतरलात की झगे, गमबूट, घोडेवाले, स्लेजवाले सगळे एकदम गाडीला लटकतात. बर्फ पडला असेल तर पुढचे १३ किलोमीटर साखळी लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच सोडतात, तो खर्च धरून ठेवा. गमबूट आणि झगे तिथंच भाड्यानं घ्या, जीन्स घालून कोणी बर्फात बसू नका, ओली झाली की संपलं.

गुरुजी_दर्यापूर
आईंसाठी काठीच्या टोकाला रबर असतं ना, ते बर्फावर सटकतं. तिथं लोखंडी टोकाची काठी मिळते ती घ्या. आणि हॉटेल गंडोलाच्या जवळचं बघा, चढ कमी पडेल.

संत्रावाला_वरुड
आईले सगळं वाचून दाखवलं. ती म्हंते झुल्यात बसतो पन मधात बंद पडला तर? म्हटलं वारं सुटलं की ते लोक आधीच बंद ठेवतात. त्याच्यावर म्हंते मंग मी खालीच बसतो, तुमी जा. पाच मिन्टानं परत आली, म्हंते पयल्या टप्प्यावर तिळाचे लाडू नेले तर चालते का. भाच्याले फोन केला तर तो गाइडचं नाव आयकून गप झाला. फेब्रुवारीचा दुसरा हप्ता पक्का, नागपूरवरून दिल्ली रेल्वेनं अन पुढं श्रीनगर विमानानं. उद्या वरुडले जाऊन सिम पोस्टपेड करून घेतो.