नववीला 'एकच प्याला': आठ तासिकांत कसं बसवायचं?

माडाची_सावली
मालवण तालुक्यातली शाळा, नववी, ३८ मुलं. पूरक वाचनाला राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक घेतलंय. तासिका आठ, प्रत्येकी ३५ मिनिटं. पाचही अंक होणं शक्य नाही. कुठले प्रवेश ठेवू? दोन अडचणी आहेत. दारूच्या प्रवेशांना वर्ग हसत सुटतो, आणि लिहायला दिलं की सगळ्या वह्यांत 'दारूचे दुष्परिणाम' हाच निबंध.

जांभा_चिरा
निबंध येतो कारण आपण बाटलीपासून सुरुवात करतो. कोर्टापासून करा. सुधाकर हुशार वकील, पण भलताच मानी. मुनसफाशी (न्यायाधीशाशी) खटका उडून सहा महिने वकिलीची सनद जाते. तो अपमान पचत नाही आणि नेमक्या त्याच वेळी दारुडा तळीराम प्याला पुढे करतो. पुढे दारू सोडून काम मागायला जातो, लोक हिणवतात, की पुन्हा प्याला. दोन्ही वेळा घसरतो तो मानापायी. हे एकदा दिसलं की शोकांतिका म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

वाटणी अशी करा: पहिल्या अंकाला दोन तासिका, आर्य मदिरा मंडळाच्या (दारुड्यांच्या मंडळाच्या) एका प्रवेशाला एक, सुधाकर पुन्हा पितो त्या भागाला दोन, शेवटाला दोन, आठवी लेखनाला. रामलाल-शरद-भगीरथ हे उपकथानक पाच मिनिटांत तोंडी सांगून मोकळे व्हा.

स्वगतं एकाच मुलाला देऊ नका. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे चारशे शब्दांना चार मिनिटं. गडकऱ्यांची वाक्यं लांब, वर अलंकार आणि कोट्या. मुलाचा श्वास संपतो, वाक्य मध्येच तुटतं आणि अर्थही जातो. आदल्या दिवशी श्वासाच्या जागी पेन्सिलीने तिरकी रेघ मारून घ्या, उतारा तिघांत वाटा.

पेटी_पखवाज
मदिरा मंडळाला वर्ग हसला तर हसू दे. गडकऱ्यांना ते हसू हवंच आहे. पुढे मरणाला टेकलेल्या तळीरामाभोवती वैद्य-डॉक्टर भांडतात, तिथेही हसू येतं आणि घशात अडकतं. एकच अट घाला: दारूचे प्रवेश बसून वाचायचे. झोकांड्या सुरू झाल्या की शब्द कोणी ऐकत नाही.

तुमच्याकडच्या मुलांना दशावतार पाठ. आख्यानाचा शेवट ठाऊक असून गाव पहाटेपर्यंत का बसतो, हा प्रश्न पहिल्याच तासाला टाका. 'पुढे काय' सुटून 'कसं' याकडे लक्ष वळतं. सुधाकरची बायको सिंधू मुलाने वाचली तरी चालेल: १९१९च्या पहिल्या प्रयोगात बालगंधर्वच सिंधू होते, आणि स्त्रीपार्टी नट तुमच्या मुलांना नवा नाही. धोका एवढाच की दशावतारात संवाद ऐन वेळी रचतात, म्हणून ती सवय असलेली मुलं इथेही पदरचं घालतात. गडकऱ्यांत एक शब्द हलला की कोटी मेली. आधी प्रवेश मालवणीत सांगू द्या ('सुधाकरान पयलो प्यालो कित्याक घेतल्यान?', म्हणजे का घेतला), मग पुस्तक उघडून अक्षरशः वाचन.

काजूबोंड
'कित्याक'चं उत्तर 'तळीरामान दिल्यान म्हणान' असं आलं तर तिथे थांबू नका. देणारा रोज कोणीतरी असतोच, त्या दिवशीच का घेतला?

शेवटाबद्दल: सुधाकरच्याच माराने मरता मरता सिंधू त्याला वाचवायला फौजदारापुढे खोटं बोलते. शिक्षक तिथे 'केवढी पतिव्रता' म्हणून पान उलटतात. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ तिथेच द्यावा. तिच्या गप्प राहण्याने सुधाकरला आणखी मोकळीक मिळाली का? वर्ग दोन बाजूंत वाटा, पण 'मला वाटतं' चालणार नाही. प्रत्येक मुद्द्याला नाटकातलं एक वाक्य हवं. तिच्याशेजारी तळीरामाची बायको गीता ठेवा. ती फटकळ, तोंडावर सुनावणारी. फरक मुलांना लगेच कळतो.

लेखनाचा प्रश्न: 'सुधाकर कुठे थांबू शकला असता? दोन जागा दाखवा आणि तो का थांबला नाही ते लिहा.' यात निबंध शिरत नाही.

आणि 'तुमच्या वाडीत कोण पितं?' हे चुकूनही विचारू नका. ज्याच्या घरी हे रोज चालतं तो मुलगा तासभर मान वर करत नाही. त्याला सुधाकर-सिंधूचं वाचन देऊ नका, रामलाल द्या.

माडाची_सावली
गीता मी गाळणारच होते, आता ठेवते. त्यासाठी मदिरा मंडळ अर्ध्या तासिकेत बसवते.

पेटी_पखवाज
बसेल. सभासदांची ओळख कापा, तळीरामाची वाक्यं मात्र ठेवा.