जुन्या ट्रकला पॉवर स्टिअरिंग: पंप पट्ट्यावर चालेल का?

प्रश्न: जुना टाटा ट्रक, साधं स्टिअरिंग. पॉवर स्टिअरिंगला तेल दाबाने पुरवणारा पंप लागतो, पण इंजिनवर गिअरने फिरणाऱ्या पंपाला जागा नाही. पट्ट्यावर चालवू का?

उत्तर: चालेल. क्रँक पुलीला (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची पुली) पट्ट्यासाठी जादा खाच हवी, ब्रॅकेट १० मिमी प्लेटचं. पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा उलटतो. पंपाची फिरण्याची दिशा तपासा. पंपाच्या तेलाचा दाब नि प्रवाह स्टिअरिंग बॉक्सला (चाकं वळवणारी पेटी) जुळायलाच हवा. प्रवाह कमी पडला की आयडलला (इंजिन हळू फिरताना) स्टिअरिंग जड.

दुसरं उत्तर: प्रेशर लाइनला (पंपातून दाबाचं तेल नेणारी नळी) साधा होज नको, फुटेल. हवा काढायला तेल भरून पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकाला दहा-बारा वेळा फिरवा. टाकीतली पातळी उतरेल, भरत राहा. तेलात फेस म्हणजे आत अजून हवा.

प्रश्नकर्ता: स्टिअरिंग टोकाला नेलं की पंप ओरडतो, का?

उत्तर: रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडतो. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तेल तापून सील जातात.