पटवर्धनांसारखं कॅमेऱ्यामागून विचारायला गेलो आणि फसलो

रविवारकारंजा: नाशिकच्या तांबट आळीत एका आजोबांवर छोटी डॉक्युमेंटरी करतोय. माहितीपट करणारे आनंद पटवर्धन माझे लाडके. स्वतःच कॅमेरा धरायचा आणि मागूनच साध्या आवाजात प्रश्न टाकायचा. मीही तेच केलं. आजोबा तांब्याचा हंडा मठारत (ठोकून घडवत) होते. विचारलं, "मुलं हा धंदा का करत नाहीत?" हातोडी थांबली. "साहेब, कुठल्या ऑफिसातून आलात?" पुढे पाऊण तास चहा झाला, फुटेज शून्य. पटवर्धनांशी लोक बोलतात, माझ्याशी का नाही?

पंचवटीकर: त्यांचा अयोध्येच्या मंदिर आंदोलनावरचा 'राम के नाम' (१९९२) परत बघा. तिथले पुजारी लालदास बोलतात तेव्हा पटवर्धन त्यांना बोलू देतात, आणि तोच त्या चित्रपटाचा कणा. उलट आंदोलनातल्या तरुणांना रामजन्म कधीचा असं विचारतात, ते गडबडतात, आपण हसतो. मीही हसलो होतो. गेल्या वर्षी पाहिला तेव्हा हसू आलं नाही. उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना विचारलेला प्रश्न वाटला. ही त्यांची जुनी खोड. तुमचा प्रश्नही त्याच वळणाचा.

कापाकापी: पंचवटीकर, अन्याय करताय. घोषणा देत निघालेल्याला तेवढं विचारायलाच हवं. खरी गोष्ट वेळेची आहे. शाहीर विलास घोगरे पटवर्धनांच्या १९८५च्या 'हमारा शहर'मध्ये गातात. ११ जुलै १९९७ला मुंबईतल्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले, काही दिवसांत घोगऱ्यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला १४ वर्षं लागली. म्हणजे ओळख त्याआधीचीच. माझी तक्रार वेगळी, हा माणूस फुटेज कापायला तयार नसतो! कात्री माझ्याकडे असती तर दोन-तीन भाषणं तरी गेली असती. (गाण्यांना हात लावला नसता.) तुम्ही आळीत किती वेळा गेलात?

रविवारकारंजा: एकदाच. 😐

रविवारकारंजा: काल कॅमेरा न घेता गेलो. नुसता बसलो, कानठळ्या बसल्या. ठोका चुकला की भांडं कसं वेगळं वाजतं, ते आजोबांनी दोनदा वाजवून दाखवलं. मुलांचा विषय त्यांनीच काढला, बराच वेळ बोलले. आणि माझ्याकडे रेकॉर्ड करायला काही नाही! आता "तेच परत बोला" म्हणणं म्हणजे नाटकच ना?

कापाकापी: म्हणू नका. आधी ठोके घ्या. माईक ऐरणीपासून लांब ठेवा, नाहीतर आवाज फाटेल.