मदत हवी आहे: लेकाचा ‘विनोदी’ रिक जेम्स आणि मी बघितलेला माहितीपट

मोगरा_ऑन्टारिओ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, त्यामुळे पाल्हाळ सहन करा.

आम्ही टोरोंटोजवळ राहतो. लेक १६ वर्षांचा, दोन वर्षं बेस गिटार शिकतोय. महिनाभर घरात एकच सुरावट चालू आहे, ‘सुपर फ्रीक’ या गाण्याची. गिटार हातात नसली तर ताटाच्या कडेवर चमच्याने. मला ती ओळखीची वाटली ती रॅपर एमसी हॅमरमुळे. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला नववीच्या पोरांनी ढगळ विजारी घालून ‘यू कान्ट टच धिस’वर धुमाकूळ घातला होता. ती चाल मुळात रिक जेम्स या अमेरिकी गायकाची, हे मला इतक्या वर्षांनी लेकाकडून कळलं.

पण लेकाच्या लेखी रिक जेम्स म्हणजे एक विनोदी पात्र. अमेरिकी विनोदवीर डेव्ह शॅपेलच्या टीव्ही कार्यक्रमातलं २००४ चं ते प्रहसन त्याने यूट्यूबवर पाहिलंय आणि तो त्याची नक्कल करतो. केस उडवायचे, मान तिरकी करायची, ‘मी रिक जेम्स आहे’ म्हणायचं आणि पुढे एक शिवी. आम्ही हसून बेजार. दिवाळीत फराळाला पाहुणे आले तेव्हा मीच त्याला करून दाखवायला लावलं होतं (शिवी गाळून).

मग मागच्या रविवारी मी एकटीच तो माहितीपट बघायला बसले. सॅशा जेन्किन्सने २०२१ मध्ये रिक जेम्सवर केलेला ‘बिचिन’. समोर लसणाची परात होती, सोलता सोलता बघू म्हटलं. पहिला बराच वेळ मी त्या माणसाच्या प्रेमात होते, खरं सांगते. बफेलोचा गरीब घरातला मुलगा, अमेरिकी नौदलाच्या राखीव दलातून पळून आमच्या टोरोंटोत येतो. इथल्या यॉर्कव्हिल भागात ‘मायना बर्ड्स’ नावाचा बँड, आणि त्यात शेजारी कोण, तर पुढे मोठा रॉक गायक झालेला नील यंग! १९६६ मध्ये मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी त्यांना करारबद्ध करते, तेवढ्यात हा फरारी खलाशी म्हणून पकडला जातो आणि सगळं बारगळतं. मोटाउनकडूनच स्वतःचा पहिला अल्बम यायला १९७८ उजाडलं. १९८१ चा ‘स्ट्रीट साँग्ज’ तुफान चालला, पण नव्या एमटीव्हीने त्याचे व्हिडिओ दाखवले नाहीत. हे काळ्या कलाकारांना दारात उभं करत नाहीत, असं तो उघड बोलला. मी मनात टाळ्या वाजवत होते.

आणि मग १९९१ चा भाग आला. एका तरुणीला घरात डांबून ठेवलं, क्रॅक (कोकेनचाच एक प्रकार) ओढायच्या तापलेल्या नळीने चटके दिले, असा आरोप. लसूण तसाच राहिला.

आता माझी अडचण. लेकाला हे कसं सांगू? माहितीपट त्याच्यासोबत बघू का? त्यात बरंच उघडंवाघडं आहे. प्रवचन दिलं तर तो हेडफोन घालणार हे नक्की. आणि ती सुरावट त्याला मनापासून आवडते, ती नासवायची नाहीये मला. कुणी असं काही निभावलंय का?

बेसुरतालवाला

ताई, आधी एक विनंती. गिटारला हात लावू नका. ‘सुपर फ्रीक’ची बेस म्हणजे नवशिक्यासाठी शाळा आहे. फंक म्हणजे रिकचा हा ठेक्यावर चालणारा संगीतप्रकार, त्यात पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र आदळतात, आपल्याकडे समेवर येतात तसं. मधल्या मात्रांत काय वाट्टेल ते करा, समेला चुकलात की पोरं हसतात. त्या गाण्यात मागे टेम्प्टेशन्स या गायकसमूहाचे आवाज आहेत, एका ठिकाणी रिक त्यांना नाव घेऊन हाक मारतो. लेकाला ती जागा शोधायला सांगा.

हेही सांगा की हॅमरने ती चाल उचलल्यावर रिकने दावा लावला आणि गीतकार म्हणून नाव मिळवलं. त्याचं एकमेव ग्रॅमी त्याच गाण्याचं, तेही दुसऱ्याच्या आवाजातलं. संगीत शिकणाऱ्या मुलाला हक्क म्हणजे काय ते यातून पटकन कळतं.

कोरडा_कागद

लेकाशी बोलण्याआधी तपशील नीट करून घ्या, कारण १६ वर्षांचा मुलगा दोन मिनिटांत फोनवर तपासतो, आणि आई एका ठिकाणी चुकली की बाकीचंही खोटं ठरतं.

प्रकरणं दोन होती. १९९१ चं तुम्ही लिहिलंत ते. जामिनावर असताना १९९२ मध्ये हॉटेलात दुसऱ्या एका बाईला मारहाण. १९९३ च्या खटल्यात छळाच्या आरोपातून ज्यूरीने त्याला सोडलं. दोषी ठरवलं ते दुसऱ्या बाईवरचा हल्ला, तिला डांबून ठेवणं आणि पहिलीला कोकेन पुरवणं यासाठी. फॉल्सम तुरुंगात दोनेक वर्षं काढून १९९६ मध्ये सुटला. ‘छळाची शिक्षा झाली’ असं म्हणू नका. जे सिद्ध झालं तेवढंही कमी नाही.

शेवग्याची_शेंग

कला वेगळी, कलाकार वेगळा. गाणं ऐका, सोडून द्या. उगाच कीस कशाला?

मोगरा_ऑन्टारिओ

शेंग, गाण्याबद्दल माझं काही म्हणणंच नाहीये. आमच्या घरात गाण्यापेक्षा त्या माणसाचीच नक्कल जास्त चालते. तिथे कलाकार वेगळा कसा काढू?

कागद, आभार. मी खरंच चुकीचं सांगणार होते.

नानबा

मला ते प्रहसनच खुपतं. चांगलं नाही असं नाही, फार चांगलं आहे, तीच पंचाईत. त्या कार्यक्रमातला विनोदवीर चार्ली मर्फी याने सांगितलेल्या आठवणी आहेत आणि मध्येमध्ये खुद्द रिक बसून ‘कोकेन भारी चीज आहे’ अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. आपण खिदळतो. हे दाखवलं फेब्रुवारी २००४ मध्ये. ऑगस्टच्या ६ तारखेला तो गेला, ५६ व्या वर्षी. हृदय बंद पडलं, शरीरात नऊ औषधं आणि अमली पदार्थ सापडले, त्यात कोकेनही. तुरुंगातून सुटून तेव्हा आठच वर्षं झाली होती, पण लोकांना आठवत होता तो चमकत्या कपड्यांतला वल्ली. त्या दोन बायकांच्या वाट्याला असं काही आलं नाही.

माझं मत: माहितीपट सोबत बघा, पण टीव्हीसमोर समोरासमोर बसून नको. भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत. मुलं हात कामात असले की बोलतात. आणि तुम्ही दिवाळीत त्याला नक्कल करायला लावली होती हे आधी कबूल करा.

मोगरा_ऑन्टारिओ

अपडेट. काल बघितला, दोघांनी. घड्यांसाठी मुद्दाम आठवड्याचे कपडे साठवले होते.

मायना बर्ड्सच्या भागात तो उडालाच, कारण यॉर्कव्हिल त्याला महागड्या दुकानांचं म्हणून माहीत. थांबवून थांबवून गिटार आणून वाजवत होता. १९९१ चा भाग आला तसा मी नानबांच्या सल्ल्याप्रमाणे म्हटलं, ‘दिवाळीत मीच तुला ते करायला लावलं, मला हे माहीत नव्हतं.’

तो मोजे जुळवत होता. वर न बघता म्हणाला, ‘मला तुरुंगाचं माहीत होतं. विकिपीडियावर आहे. तुम्ही सगळे हसायचात, म्हणून करायचो.’

मला काही सुचलं नाही. नंतर त्यानेच विचारलं, ‘त्या बायकांचं पुढे काय झालं?’ त्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आज सकाळी ‘सुपर फ्रीक’ पुन्हा सुरू झालंय. नक्कल केली नाही, मीही विषय काढला नाही. पण शनिवारी तीच फराळाची मंडळी जेवायला येतायत आणि त्यातले एक काका दारातच ‘कुठाय आमचा रिक जेम्स?’ म्हणणार, अगदी नक्की. तेव्हा काय करू?

बेसुरतालवाला

काकांना म्हणा, रिक जेम्स सुट्टीवर आहे, पण बेस वाजवणारा घरी आहे. लेकाला दोन मिनिटं वाजवू द्या आणि तेवढ्यात पानं वाढा.

नानबा

आणि काकांनी तरी हट्ट धरलाच, तर उत्तर तुम्ही द्या ताई. पोरावर सोडू नका.