विषय: नवीन वर्षाच्या शुभेच्छा, आयटीवाल्यांकडून (चार ओळी पुरे!)

प्रेषक: सचिव, मंडळ
२१ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

संक्रांत अंकाचं एक पान रिकामं आहे. जाहिरातवाल्याने ऐन वेळी टांग दिली, खरं कारण तेच. आपल्यातले निम्म्याहून जास्त लोक आयटीत, तेव्हा तुम्हीच आपल्या धंद्याला नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्या. 'सुखाचे, समृद्धीचे, भरभराटीचे जावो' पाठवू नका, ते माझं मी लिहीन. कामाच्या ठिकाणी नेमकं काय झालं तर बरं वाटेल, ते लिहा.

तिळगूळ समारंभ शनिवारी, १७ जानेवारीला दुपारी ३ वाजता, नेहमीच्याच हॉलमध्ये. गुळाच्या पोळ्या लाटायला माणसं हवी आहेत.

---

प्रेषक: नाना (फ्रीमाँट)
२२ डिसेंबर

स. न.

माझी शुभेच्छा २६ वर्षं शिळी आहे. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र मी एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये काढली. आम्ही कित्येक जण त्याच कामावर इकडे अमेरिकेत आलो. कोबोल भाषेतल्या जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले. ९९ नंतर ०० आलं की मशीन १९०० धरणार. दीड वर्ष आम्ही नुसत्या तारखा उपसत होतो. गंमत म्हणजे काही ठिकाणी २९ फेब्रुवारी २००० ही तारीखच नव्हती. शतकाचं वर्ष लीप नसतं, इतपत लिहिणाऱ्याला ठाऊक. ४०० ने भाग गेला तर असतं, हा उरलेला अर्धा नियम त्याच्या शाळेत बुडाला असावा.

हिने डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली होती. मशीन रूमच्या गारठ्यात तिचा दगड झाला, चमचा वाकला. बारा वाजले आणि काहीही झालं नाही. सोमवारी साहेब म्हणाला, "एवढा खर्च केला, आणि झालं तर काहीच नाही!" अहो, काही होऊ नये म्हणूनच केला होता ना!

तर लिहून घ्या: ज्याच्या कामामुळे काहीच घडत नाही, त्याचंही नाव वर्षातून एकदा मीटिंगमध्ये घेतलं जावो.

---

प्रेषक: ताई (सनीवेल)
२२ डिसेंबर, रात्री उशिरा

नाना, खिचडी वाचून हसले. पण तुमची रात्र शांत तरी गेली! आमच्या वाट्याला २०२१ चा डिसेंबर आला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लॉगफोरजे नावाची एक जावा लायब्ररी आहे. तिचं काम कारकुनाचं, प्रोग्राममध्ये जे घडेल त्याची नोंद ठेवायची. पण नोंदीत विशिष्ट घाटाची एखादी ओळ आली तर हा कारकून ती लिहून गप्प बसत नव्हता, हुकूम समजून अमलात आणत होता. बाहेरच्या कुणीही चॅटमध्ये किंवा लॉगिनच्या चौकटीत ती ओळ टाकायची, की सर्व्हर त्याचा. गंभीरपणाला १० पैकी १० गुण मिळाले. ९-१० डिसेंबरला बोभाटा झाला. आधी दुरुस्त केलेली आवृत्ती २.१५.० आली, ती पुरी पडेना म्हणून २.१६.०, मग २.१७.०, आणि नाताळ उलटल्यावर २.१७.१. प्रत्येक वेळी आमचे सगळे सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून. आणि या आवृत्त्या काढणारे कोण? अपाचे या संस्थेचे स्वयंसेवक. दिवसाची नोकरी सांभाळून, फुकट. वर लोक त्यांना शिव्या घालत होते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या वर्षी नाताळची ऑन-कॉल ड्युटी (काही बिघडलं तर कधीही उठून धावायचं) माझ्याकडे होती. त्याच्या आदल्या वर्षीही, त्याच्याही आदल्या वर्षी. कारण प्रत्येक वेळी तेच: "तुमच्यात ख्रिसमस नसतो ना?" आमच्यात नसतो, खरं आहे. पण पोरांना सुट्टी तेव्हाच असते, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी फोन पाटाखाली ठेवून बसलेली असते, ते कुणी विचारत नाही. २५ तारखेला पहाटे ३ ला पेजर वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. लेक उठून आली, काही न बोलता शेगडीवर चहाचं आधण ठेवलं.

जानेवारीत मी टीममधल्या एका आयरिश आजोबांना सरळ विचारलं: नाताळ मी घेते, गणपतीची स्थापना आणि लक्ष्मीपूजन तुम्ही घ्या. ते म्हणाले, "आधी का नाही बोललीस?" आता दर ऑगस्टला ते स्वतःच पंचांगातली तारीख विचारतात. ती दरवर्षी हलते याचा त्यांना फार राग आहे.

माझी शुभेच्छा: सुट्टी कुणाची कधी असते, हे रोस्टर लावणाऱ्याने गृहीत न धरता विचारावं. आणि आपणही तोंड उघडावं, मीच तीन वर्षं गप्प बसले होते.

---

प्रेषक: एक नवा सभासद
२३ डिसेंबर

नमस्कार, या लिस्टवर पहिल्यांदाच लिहितोय. नाव देत नाही, कारण कळेलच.

नोव्हेंबरच्या शेवटी नोकरी गेली. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या अमेरिकी व्हिसावर आहे. नवी नोकरी शोधायला जुनीच्या शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस, आणि त्यातले हे दोन आठवडे सगळं कंपनीजगत सुट्टीवर. रेफरलसाठी (आपल्या कंपनीत शिफारस करा म्हणून) याच लिस्टवरच्या अकरा जणांना लिहिलं. नऊ जण म्हणाले, "रेझ्युमे पाठव, बघतो." पाठवला. पुढे सामसूम. राग नाही, सगळे कामात असतात. पण 'बघतो' म्हटलं की मी दोन दिवस दुसरीकडे विचारत नाही, आणि ते दोन दिवस माझ्या साठातून जातात.

शुभेच्छाच हवी असेल तर ही छापा: नाही जमणार असेल तर नाही म्हणून कळवा.

---

प्रेषक: नाना (फ्रीमाँट)
२३ डिसेंबर

त्या नऊ जणांत मी एक आहे. चुकलं माझं. सकाळी पहिलं काम म्हणून पाठवतो, आणि तिकडची जागा भरली असली तर दुपारच्या आत तसं सांगतो.

---

प्रेषक: ताई (सनीवेल)
२३ डिसेंबर

मला का नाही लिहिलंस रे? रेझ्युमे मला पाठव. २६ ला संध्याकाळी साडेसातला फोन कर, मुलाखतीची तयारी म्हणून तासभर प्रश्न विचारीन. सिस्टिम डिझाइनमध्ये मी खवट आहे, आधीच सांगते.

सचिवताई, १७ जानेवारीला पोळ्या लाटायला येते. पण त्या दिवशी माझी ऑन-कॉल आहे. हॉलच्या स्वयंपाकघरात फोनला रेंज येते का?

---

प्रेषक: सचिव, मंडळ
२४ डिसेंबर

येत नाही. वाय-फाय आहे, तोही फक्त स्टेजपाशी. पोळपाट तिथेच मांडू.